टेसासाठी वाचलेली पाकिटं

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात गोचीड चावणं ही काही बातमी नव्हे. पण व्हर्ला हॅगर्टीच्या सात वर्षांच्या नातीला, टेसाला, ती चावली, त्या चाव्याने पोरीला सस्तन प्राण्यांच्या मांसाची ॲलर्जी जडली आणि घरचा स्वयंपाकच बदलला. गाय, डुक्कर, हरीण, खार, सगळं बंद. ‘अंगावर केस असलेलं नको, पिसं नि खवले चालतील,’ असा सोपा नियम व्हर्लाने चर्चमधल्या बायकांना पाठ करून दिला.

सोपे नियमच घात करतात. गेल्या हिवाळ्याआधी व्हर्लाने मऊ गोळ्यांचं एक पाकीट वाचलं. गोमांस नाही, चरबी नाही. दिलं पोरीला. त्यातलं जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांचं असतं, हे तिच्या गावीही नव्हतं. चार तासांनी पोरीचे ओठ सुजले, श्वास अडकला, हेलिकॉप्टर बोलवावं लागलं.

पोर वाचली. व्हर्ला मात्र बधिर झाली ती झालीच. बावीस वर्षं शाळेची बस चालवून एका आवाजात चाळीस पोरं गप्प करणारी ही बाई. आता तिला राग येईना, रडू येईना. दुकानात ती भिंग घेऊन तासभर उभी राहायची.

“व्हर्ला, विकत घेतेयस की परीक्षेला बसतेयस?” गल्ल्यावरची बाई टोमणा मारायची. व्हर्ला पुढचं पाकीट उचलायची.

ईस्टरच्या सकाळी चर्चच्या तळघरात बायका प्लास्टिकच्या अंड्यांत खाऊ भरत होत्या. मैदानात लपवलेली ही अंडी मग पोरं शोधणार. पाकिटं फोडायची आणि वेष्टनं टाकून द्यायची, अशी तिथली रीत. व्हर्ला ती कचऱ्यातून काढून वाचत बसली होती. तेवढ्यात तिची मैत्रीण डर्लीन आली, तोंडभर हसत.

“अगं, टेसासाठी खास आणलंय! बघ, कोंबडीची पिल्लं. पिसांचं चालतं ना तिला?”

साखरेत घोळवलेली, पिल्लांच्या आकाराची मऊ पिवळी मिठाई. व्हर्लाने पाकीट उलटं केलं. “डुकराचं जिलेटिन.”

“पिल्लात डुक्कर? अरे देवा, असं कोण करतं गं!” डर्लीन मटकन बसली, तिचे डोळे भरले. व्हर्लाने तिच्या पाठीवर हात ठेवला. समजूत कशी घालतात ते हाताला आठवत होतं, तेवढंच.

मग तिने टेसाला बाजूला घेतलं आणि पिशवीतून फळांच्या रसाची एक गोळी काढली. कंपनीला दोनदा फोन करून तिने खात्री केली होती. “ही खा. मी सगळं वाचलंय.”

टेसाने गोळी घेतली, उलटसुलट बघितली आणि परत आजीच्या हातावर ठेवली.

“मॅमॉ, तेव्हापण तू वाचलं होतंस.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“हो,” व्हर्ला म्हणाली. “वाचलं होतं.”

बाहेर शिट्टी वाजली. पोरं टोपल्या घेऊन धावत सुटली. टेसाने आजीची बाही ओढली.

“मी नुसती शोधू का? उघडणार नाही एकही.”