पक्क्या रंगाचा गुलाब

भर मे महिन्यात गुलाब घ्यायला होटगी रोडवरच्या नर्सरीत येणारा वेडा मी एकटाच, असं मला वाटत होतं. पण तिथं एक म्हातारे चाचा हिरव्या जाळीखालच्या तीन कुंड्या उन्हात आणून त्यांच्यापाशी उकिडवे बसले होते. प्रत्येक फुलाची अर्धी बाजू त्यांनी चिंधीनं झाकली होती.

"हे काय चाललंय, चाचा?"

"जिंदगीभर सूत रंगवलं की मी. चादरीचा रंग पक्का हाय का, ते असंच बघायचो. अर्धं झाकायचं, अर्धं उन्हाला द्यायचं."

मीही थांबलो. गालांवरून घाम निथळत होता, तरी ते सावलीत सरकेनात. बऱ्याच वेळानं त्यांनी अलगद चिंध्या काढल्या. लाल फुलाची उघडी बाजू काळवंडली होती, पिवळ्याची विटली होती. जाड पाकळ्यांच्या गुलाबी फुलाची मात्र झाकलेली बाजू कुठली आणि उघडी कुठली, तेच कळेना.

"बीवीच्या कबरीशी लावायचाय," ते म्हणाले. "तितं सावली न्हाय. पाणी मी घालीन की, पण ऊन कसं अडवू?"

कुंडी उचलण्याआधी त्यांनी टोपी काढून घाम पुसला. टोपीखालचं कपाळ गोरं होतं आणि त्याखालचा सगळा चेहरा रापून काळा पडला होता. कबरीपाशी ते रोज किती वेळ बसतात, हे मला विचारावं लागलं नाही.