माउंट रोडवरचे तीन आकडे

चेन्नई सेंट्रलला उतरलो तेव्हा वादातले माझे सगळे मुद्दे तयार होते. माउंट रोडवरचे (सरकारी नाव अण्णा सालै) शेवटचे उंची स्विस घड्याळांचे दुकान महिनाअखेर मॉलमध्ये जाणार, असे त्याचे व्यवस्थापक रामोजीराव यांनी फोनवर कळवले होते. त्या रस्त्यावर माझे चष्म्यांचे दुकान होते आणि व्यापारी संघाचा मी अनेक वर्षे चिटणीस होतो. मी बोललो तर ते थांबतील, याविषयी मला शंका नव्हती.

शोळिंगनल्लूरला आयटीत असलेला पुतण्या न्यायला आला होता. "काका, मॉलमध्ये गार हवा असते, गाडी लावायला जागा असते. भांडणार कुणाशी?"

"आधी तुझ्याशी."

ऑटोवाल्याने मेट्रोच्या खोदकामाला दोष दिला. त्यालाही मी सोडले नाही. खोदकामातही माझी गिऱ्हाइके फळ्यांवरून चालत येत.

मात्र रस्ता पाहून माझा आवाज उतरला. जिथे अत्तरे आणि काचसामान मांडलेले असे, तिथे मोबाइलची आवरणे लोंबत होती.

रामोजीराव तंजावरी मराठी. त्यांनी डबऱ्यातून (पसरट वाटी) कॉफी पुढे केली. "या चिटणीस! पुण्याहून भांडायला आले?" मागे खोकी रचलेली होती. "अस्के (सगळे) बांधून झालं."

"भाड्याचे मी मालकाशी बोलतो."

"भाडं नव्हे, मेट्रोही नव्हे. आडीचा फलक."

आडी म्हणजे तमिळ आषाढ. या महिन्यात शुभकार्ये नसतात, म्हणून दुकानदार सवलती लावून गिऱ्हाईक ओढतात. रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाच्या दारावर सवलतीचा एकसारखा पिवळा फलक लागलाच पाहिजे, हा नियम माझा.

"आमच्या घड्याळांवर कधीच सूट नसते, आणि दारावर 'भरघोस सूट'! आत येणारा विचारी, सूट किती? आधी पूर्ण दामानं घेतलेला विचारी, मला फसवलं का? मी तुम्हाला तीनदा पत्र लिहिलं, सार."

माझे उत्तर मला शब्दशः आठवत होते: संघाचा नियम सर्वांना सारखा. त्या वाक्याचा मला अभिमान होता.

"कंपनीनं तेव्हाच ठरवलं, या रस्त्यावर आपली किंमत आपल्या हाती नाही. मॉलची जागा मिळेपर्यंत कंपनीवाले थांबले, इतकंच."

"मग मला बोलावलेत कशाला?"

"बोलावलं कुठं? कळवलं. तुमी निघालात."

बाहेर आलो. दारावर तीन लोखंडी आकडे गंजत होते. पुतण्याने विचारले, "हे कशाचे?" मी ऑटोला हात केला.

पुण्यात परतल्यावर बागेतल्या मंडळींनी माउंट रोड कशाने बुडाला ते मला ऐकवले: एकाने मॉल, दुसऱ्याने मेट्रो, तिसऱ्याने पार्किंग. तिघांनाही मी खोडून काढले. मग खरे काय, असे त्यांनी विचारले. आडीचा फलक टांगायचे ते आकडे शिडीवर चढून मीच ठोकले होते, हे सांगताना, कोणीतरी मला खोडून काढावे असे आयुष्यात प्रथमच वाटले. कोणी काढले नाही.