कच्च्या दुधाचा ताप

माटेवाला गावाच्या माळावर एलोदियासारखं चीज कुणाला जमत नसे. बत्तीस शेळ्या, दोन वेळची धार आणि दर शनिवारी बाजारात टोपलीभर ताजं चीज. अठरा वर्षांत हा क्रम चुकला नव्हता. त्या वर्षी मात्र दिवस कलला की तिला ताप भरायचा, अंग घामानं निथळायचं, कंबर धरायची. दमल्यामुळे होतंय म्हणत तिनं चार महिने अंगावर काढले. एक दिवस धारेला बसली ती उठेचना, तेव्हा थोरली जाऊ तिमोतेआ तिला दवाखान्यात घेऊन गेली.

रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टरीणबाईंनी आधी शेळ्यांचीच चौकशी केली. यंदा कुठली गाभडली का? तीन गाभडल्या होत्या, आणि मेलेली करडं एलोदियानंच उघड्या हातांनी ओढून काढली होती. तुझ्या रक्तात जंतू सापडलाय, तो शेळीच्या गर्भात नि कासेत राहतो, बाई म्हणाल्या. हातावरच्या चिरांतून शिरतो, कच्च्या दुधातून पोटात जातो. एलोदिया आपलं दुखणं विसरली. तिचं कच्च्या दुधाचं चीज सगळा बाजार खात होता.

वाटेत तिमोतेआ म्हणाली, "गप्प राहा. गोळ्या घे, बरी हो. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

शनिवारी ती रिकाम्या हातानं बाजारात गेली आणि एकेका गिऱ्हाइकाला गाठून तिनं सांगितलं, ताप येत असेल तर रक्त तपासून घ्या, माझ्या चीजमुळे असेल. कुणी तोंड फिरवलं, कुणी शिव्या दिल्या. वर्षभर कंबर धरून चालणारे म्हातारे हासिंतो तडक दवाखान्याकडे वळले.

सरकारी तपासणीत तिच्या नऊ शेळ्या बाधित निघाल्या. त्या मारायला नेणाऱ्या गाडीत चढवताना तिनं एकेकीला नावानं हाक मारली. सहा आठवड्यांत एक गोळी चुकवली नाही. दूध आता तापवायचंच, असं तिनं ठरवलं होतं. पहिलं चीज रबरासारखं झालं, दुसरं भुसभुशीत. तिमोतेआ चाखून म्हणाली, "हे शेळ्यासुद्धा खायच्या नाहीत." एलोदियानं थर्मामीटर आणला, मंद आचेवर दूध अर्धा तास राखायला शिकली. आठव्या खेपेला जमलं.

गिऱ्हाइकं निम्मीच परत आली. पण पुढच्या तपासणीला गावातल्या चार बायका आपापल्या शेळ्या घेऊन आल्या, आणि त्या धरायला हातमोजे घालून एलोदिया उभी होती.