तहानलेला पूल

परवा साइटवर लाइट गेली, टाइल कापायचं मशीन बंद पडलं आणि मी दुपारीच बालाघाटला आमच्या खोलीवर परत आलो. दार नुसतं लोटलेलं होतं... आतून चिनूचा आवाज येत होता. सलग.

चिनू माझी मुलगी, साडेचार वर्षांची. बालवाडीत तोंड उघडत नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, तिला काहीतरी बांधायला द्या, बांधता बांधता गोष्ट सांगेल. मी स्वतः वर्गात उभं राहून बोलायच्या भीतीने नववीत शाळा सोडली... तिचं तसं होऊ नये, एवढीच काळजी.

म्हणून फर्निचरवाल्याकडून लाकडाचे उरलेले तुकडे आणले, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केले. रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसायचो. पण टाइल बसवणारा माणूस मी... काही वाकडं दिसलं की हात आपोआप जायचा. सरळ करून म्हणायचो, "हं, आता सांग गोष्ट." ती गप्प. दोन महिन्यांत एक वाक्य नाही.

आणि परवा ती त्याच तुकड्यांचा पूल मांडून आईला सांगत होती, "मम्मी, देख ना, पूल काहून वाकला मालूम? त्याले तहान लागली. नदीचं पाणी पिऊन राह्यला."

"अन् वरची बस?" बायकोने विचारलं.

"बसवाले काका ओरडून राह्यले... अबे जल्दी पी, मले खैरलांजीले जायचं हाये!"

दोघी खिदळत होत्या. मला राहवलं नाही, आत गेलो.

चिनूने माझ्याकडे पाहिलं... आणि पटकन पूल सरळ केला. बसचा तुकडा बाजूला ठेवला. हात मांडीवर, तोंड बंद.

"तुमी रागावत नाही जी," बायको नंतर हळूच म्हणाली, "पण तुमी आले का ते घाबरते."

काल मी मुद्दाम वाकडा पूल बांधला. म्हटलं, "चिनू, याले तहान लागली वाटते." तिने पुलाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे... आणि दोन्ही हातांनी तो सरळ केला. एक तुकडा इकडेतिकडे नाही.

दोन महिन्यांत मी शिकवलेलं एवढंच तिला आलं. अगदी बिनचूक आलं.

आज बाहेर पायरीवर बसून हे लिहितोय. आत पूल पाणी पितोय, बसवाले काका ओरडताहेत... तिच्या मम्मीचे उपकार, की निदान ऐकायला तरी मिळतंय. आत जायची माझी हिंमत होत नाही.