भाजून की शिजवून

"तुम्ही लोक उंदीर भाजून खाता की शिजवून?"

मी अजून खुर्चीत नीट टेकलेही नव्हते. टेबलापलीकडे तिघं. दोन मुलगे, एक मुलगी. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असतील.

नवीन पनवेलमधलं कॉलेज. समाजकार्याच्या कोर्सला प्रवेश हवा असेल तर आधी तिथले सीनियर विद्यार्थी मुलाखत घ्यायचे, मग सर. मुलाखती घेण्याचे त्यांना मार्क मिळतात, असं बाहेर बसलेली पोरं सांगत होती.

मी कोन गावाच्या पलीकडच्या कातकरवाडीतली. बा बरोबर आला होता. त्याला खोलीबाहेर थांबवलं होतं. बाकावर जागा होती, तरी तो भिंतीला धरून उभाच होता.

"जोक होता गं, रिलॅक्स," उंदरांचं विचारणारा म्हणाला. चौकड्यांचा शर्ट, दाढी कोरलेली. "चल, स्वतःबद्दल सांग."

मी घोकून आले होते. "माझं शिक्षण आश्रमशाळेत झालं हाय…"

"हाय! हॅलो!" मुलगी खिदळली.

दुसऱ्या मुलाने मोबाइल समोर धरला. "परत म्हण ना. क्यूट वाटतं."

मी परत म्हटलं. मला प्रवेश पाहिजे होता.

"आईवडील काय करतात?"

"वीटभट्टीवर असतात."

"पितात किती?"

मी मोबाइलकडे बघितलं.

"अगं, समाजकार्य करायचंय ना तुला? मग खरं बोलायला शीक," मुलगी म्हणाली. "आम्ही वाड्यांवर सर्व्हे केलाय. तुमच्यातल्या मुली चौदाव्या वर्षी पळून जातात. तू कशी मागे राहिलीस? कोणी नेलं नाही?"

तिघंही हसली. मोबाइल चालूच.

मी उठले. टेबलावरून हात घालून मोबाइल हिसकावला आणि भिंतीवर मारला. फुटला नाही. उचलून फरशीवर आपटला. तेव्हा फुटला.

चौकड्यांचा शर्ट टेबलाला वळसा घालून आला. माझी वेणी हाताला गुंडाळली आणि मान मागे खेचली. "कातकरडे! औकात दाखवलीस ना?" इतका वेळ अर्धं इंग्रजी बोलत होता. आता त्याच्या आजाच्या तोंडचे शब्द बाहेर आले. मी त्याच्या मनगटाला चावले. तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. त्याने दुसऱ्या हाताने गुद्दा मारला. ओठ फाटला. दात हलला. मी खुर्ची उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. तो ओरडत खाली बसला. मी परत उचलली.

मुलगी किंचाळत होती, "जंगली आहे ही! कोणीतरी या!"

दार उघडलं. आधी बा आला, मागून सर.

बाने माझं तोंड बघितलं. रक्त हनुवटीवरून ओघळत होतं. मग त्या पोराचा गुडघा बघितला. आणि माझा बा, डोक्याचे सगळे केस पांढरे, त्या पोराच्या पायावर पडला.

"साहेब, चुकलं पोरीचं. लहान हाय."

पोराने पाय मागे घेतले नाहीत.

वेणी खेचली तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं. हे बघितलं आणि डोळे कोरडे झाले.

सर माझ्याकडे वळले. "हुशार मुलगी दिसतेस. माफी माग, विषय इथेच संपवू. सीटचंही बघू."

मी बाच्या काखेत हात घातले. तो उठेना.

"बाय, गप ऱ्हा. भट्टीवर जायाचंय काय तुला?"

"ऊठ बा. नायतर फरफटत नेईन."

तो उठला.

मी सरांना म्हटलं, "माफी नाय. माझे केस कोणी धरले, ते आधी विचारा."

सरांनी ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "मोबाइल कोणी फोडला?"

बा म्हणत होता, घरी जाऊ. मी त्याला घेऊन तडक पोलीस ठाण्यात गेले. हवालदार म्हणाला, पोरापोरांचं भांडण आहे, मिटवून टाका. मी बाकावरून उठले नाही. बाने दोनदा हात धरून ओढलं, तरी नाही. शेवटी अंधार पडता पडता त्यांनी तक्रार लिहून घेतली. जातीवरून दिलेली शिवीसुद्धा.

सीट गेली. दिवाळीनंतर मी बाबरोबर भट्टीवर होते. हातांची सालं निघाली. हलणारा दात तिथेच पडला.

एका दुपारी त्या पोराचे वडील पांढरी गाडी घेऊन वाडीवर आले. "मुलाचं करिअर आहे हो. केस मागे घ्या, मुलीच्या लग्नाचं आम्ही बघतो." मला वाटलं, बा परत वाकणार. तो झोपडीच्या झापाआड गेला आणि कोयता घेऊन बाहेर आला. नुसता गाडीसमोर उभा राहिला. गाडी वळायलाही थांबली नाही, तशीच मागे मागे गेली.

केस अजून चालू आहे. तो पोरगा पास झाला. आता आदिवासींसाठी काम करणाऱ्या संस्थेत नोकरी करतो. मी दुसऱ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे.

यंदा आमच्या वाडीतल्या दोन पोरी बारावी झाल्या. त्याच कॉलेजात अर्ज करायला मी त्यांना सांगितलंय. त्या घाबरतात. त्यांच्या आया मला शिव्या देतात. देऊ देत. मुलाखतीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. त्यांच्या अंगाला कोणी हात लावला, तर तो हात मी मोडणार. मग खुशाल पोलीस बोलवा. तक्रार कशी लिहून घ्यायला लावतात, ते मला माहीत आहे.