चाळीस मिनिटं रमले म्हणे

त्या अहवालाचं नाव मी आजही घरात कुणाला काढू देत नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई ग्रंथालयात खिडकीवर बसत. एकवीस वर्षं. कुणी येऊन म्हणे, "ते हो, विहिरींवरचं, जाडसं," की या नेमकं तेच पुस्तक काढून देत.

मग पुस्तकं संगणकावर चढली. आता खिडकी ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला एक संशोधक बाई आली. तिची पद्धत निराळी. परक्या गावात जाऊन राहावं तशी ती महिनाभर वाचनकक्षात राहिली. वाचकाशेजारी बसायचं, मदत करायची नाही, तो काय करतो ते जसंच्या तसं लिहायचं.

आठवड्यातच तिला दिसलं की संगणकाला कुणी हातच लावत नाही. लोक खिडकीशी येतात आणि जाऊबाई त्यांचा सभासद नंबर संगणकात घालून स्वतः शोधून देतात. कार्यालयाच्या आकड्यांत मात्र सगळे वाचक पटाईत.

"ताई, तुमच्या मायेपायीच ही खिडकी जाणार," ती म्हणाली. "एक दिवस हात आवरा. मला खरं लिहू द्या."

जाऊबाईंनी आवरला. त्या दिवशी नेमके ते विहिरींवरचं पुस्तक मागणारे म्हातारे कंपाउंडर आले. संगणकावर पुस्तक सापडलं, पण उघडायला पासवर्ड हवा. तो येणार मोबाइलवर, आणि मोबाइल घरी सुनेजवळ. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. एका बोटानं, चष्मा वरखाली करत.

"बाई, रागावलात का आज?" त्यांनी तिथूनच विचारलं.

जाऊबाई खाली मान घालून बसल्या. चाळीस मिनिटांनी ते उठले. "डोकंच चालत नाही आता," असं चारचौघांत म्हणाले आणि गेले.

संशोधक बाईनं सहा पानं लिहिली. ग्रंथपाल साहेबांनी ती काढून टाकली आणि अहवालात एक ओळ घातली: ज्येष्ठ वाचक डिजिटल ग्रंथालयात एका वेळी चाळीस मिनिटं रमतात. या साहेबांना स्वतःला हवी ती फाइलसुद्धा जाऊबाईच उघडून देत. माणसाला जनाची नाही तरी मनाची लाज असावी ना?

वर साक्षीदार म्हणून जाऊबाईंची सही हवी होती. "करून टाका. चांगल्या टेबलावर बसवतो तुम्हाला."

"साहेब, ते रमले नव्हते. मी समोर होते. आणि वरचाही बघत होता."

"वरचा सही मागत नाही बाई, मी मागतोय."

त्यांनी केली नाही. खिडकी तरीही बंद झाली. जाऊबाई तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर. घरी आल्या की कोपरापर्यंत हात धूत, तरी कुबट वास जात नसे. मला त्या वासापेक्षा त्या ओळीची शिसारी जास्त.

रविवारी त्या विहिरींचं पुस्तक घेऊन कंपाउंडरांकडे गेल्या. मी सोबत होते. झालं ते सगळं सांगून त्यांनी माफी मागितली.

"तुमचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "पुस्तक घेऊन जा. डोळे दुखतात हल्ली. वाचन बंदच केलंय."

त्यांच्या मांडीवर औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद उघडा होता. मुंगीएवढी अक्षरं. आम्ही आलो तेव्हा ते तोच वाचत बसले होते.