शिवणीतली माया

गजूभाऊंच्या गळ्यात कायम शिंप्याची टेप असायची. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या शेडमध्ये पहिल्यांदा आलेला माणूस ती बघून हमखास चपापायचा. एका कोपऱ्यात वेल्डिंगच्या ठिणग्या उडताहेत, भिंतीला मोटारसायकलींच्या चेसी टांगलेल्या आहेत, आणि मालक गळ्यात पिवळी टेप टाकून, कानावर चपटा खडू खोचून पुढे येताहेत. गाडीकडे ते बघतही नसत. आधी माणसाला वरपासून खालपर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "उभे राहा सरळ. माप घेतो."

त्यांचे वडील शिंपी. गजूभाऊंनी कापड सोडून लोखंड धरलं, मोटारसायकली मापाने बेतून द्यायला लागले, पण भाषा दुकानातलीच ठेवली. वेल्डिंगचे पहिले टाके मारून झाले की त्याला ते कच्ची शिलाई म्हणत. मग गिऱ्हाइकाला 'ट्रायल'ला बोलावत. त्या अर्धवट गाडीवर बसवून ठेवत आणि बायकोला चहा टाकायला सांगत. कुठे बोचतंय, कुठे ओढल्यासारखं होतंय, हे चहा पिऊन होईपर्यंत माणसाला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ट्रायलशिवाय पक्का टाका मारला असं कधी झालं नाही.

पोरं यायची ती मोबाइलवर फोटो घेऊन. विदेशी गाडी, लांबलचक हँडल, हे रुंद मागचं चाक. मनीषनगरचा एक उंचापुरा मुलगा असाच फोटो नाचवत होता. गजूभाऊंनी त्याचं माप घेतलं, फोटो परत एकदा बघितला आणि शांतपणे म्हणाले, "गाडी झकास हाये. पण हा फोटो तुया मापाचा नाही गा." मुलगा रुसून निघून गेला. आठवड्याभराने वडिलांना घेऊन परत आला, तेव्हा गजूभाऊंनी वडिलांचा दुखरा गुडघाही मापात धरला, कारण अधूनमधून ती गाडी तेही चालवणार होते. फटफटीचा आवाज मोठा करून मागणाऱ्यांना मात्र ते दारातूनच परत पाठवत. "आवाजच पाहिजे असन तं ढोल घ्या," म्हणत आणि कामाला लागत.

मी त्यांच्याकडे गेले ती यजमानांची मोटारसायकल ढकलत. हे हृदयविकाराने गेले, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. गाडी अंगणात कव्हरखाली उभी. दीर म्हणाले, विकून टाकू, उगाच गंजून चालली आहे. मी नाही म्हणाले. तर म्हणाले, मग चालवणार कोण? मी म्हणाले, मी. ते हसले, आणि त्यांच्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी तिरसट बाई आहे. ऑफिसात मला मागून काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. मौद्याला सरकारी कचेरीत कारकून. हे होते तोवर सकाळी मला बसस्टँडवर सोडायचे, संध्याकाळी घ्यायला यायचे. लग्न झाल्यापासून मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसले, पुढे कधी नाही. आता मला कोणाच्या मागे बसायचं नव्हतं, आणि कोणी सोडायला यावं म्हणून वाट बघायची नव्हती. पण उंचीने मी बेताची. सीटवर बसले की दोन्ही पाय लोंबकळायचे.

बाई गिऱ्हाईक बघून गजूभाऊंनी टेप गळ्यातून काढली आणि आत हाक मारली, "कुंदे, ये वं इकडं. ताईचं माप घे." त्यांच्या पत्नी कुंदाताई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी कमरेपासून टाचेपर्यंत, खांद्यापासून मनगटापर्यंत मापं घेतली, तोंडाने सांगितली, आणि गजूभाऊंनी ती खडूने भिंतीवर लिहिली. सीट खाली घ्यायची, हँडल जवळ आणायचं, किकऐवजी बटण बसवायचं, असं सगळं ठरलं. मग मी म्हणाले, "मागची सीट काढून टाका. मागे आता कोणी बसणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खडू परत कानावर खोचला.

ट्रायलला गेले तेव्हा सीट एकटीची झाली होती, पण तिच्या मागे चेसीचा तुकडा तसाच होता, वर नीट पत्रा बसवून झाकलेला. मी तो पत्रा बोटाने वाजवला आणि विचारलं, हे काय?

"माया ठेवली, ताई," ते म्हणाले.

शिवणीत आतल्या बाजूला दुमडून ठेवलेलं जादा कापड, ती माया. हे मला माहीत होतं. माझ्या प्रत्येक ब्लाउजला आई ती ठेवायला सांगायची. पण त्या क्षणी तो शब्द मला सहन झाला नाही. मी म्हणाले, "मला नको माया. कापून टाका."

"काहून कापू?" त्यांचा आवाज चढला नाही. "आज तुम्हाले वाटून राहिलं का कोणी बसणार नाही. वाटू द्या. सीट एकटीचीच देतो. पण माणूस हाये तसा राहत नाही, ताई. माया नाही ठेवली तं पुढं उसवाले जागा राहत नाही. माहा बाप एवढंच शिकवून गेला."

मी भांडले. खरंच भांडले. माझी गाडी, माझा नवरा गेला, तुम्ही कोण ठरवणार, इथपर्यंत बोलले. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले की कापायचीच असेल तर दुसरीकडून कापून घ्या, माझ्या हाताने होणार नाही. चहा आला. कुंदाताईंनी कप माझ्या हातात दिला आणि माझ्याजवळ उभ्या राहिल्या. मी त्या कच्च्या गाडीवर बसून चहा प्यायले. दोन्ही पाय जमिनीला टेकले होते. यांच्या गाडीवर माझे पाय पहिल्यांदा जमिनीला टेकले.

पुढे महिनाभर सकाळी मैदानात मला शिकवलं ते गजूभाऊंनीच. स्वतः मात्र कधी मागे बसले नाहीत. बाजूने चालत, नंतर धावत. त्यांची धाप लागायची ती मी वयाची समजत होते. मग मी मौद्याला गाडीने जायला लागले. भंडारा रोडवर ट्रकवाले वळून बघायचे, ऑफिसातले खिडकीशी यायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. पत्र्याच्या झाकणावर मी डब्याची पिशवी बांधायची. त्याखाली काय आहे, हे मी मनातून काढून टाकलं.

धाप वयाची नव्हती. छातीच्या डॉक्टरांनी फुफ्फुसं निकामी होत चालल्याचं सांगितलं आणि शेड बंद करायला लावली. मुलगी त्यांना मनीषनगरला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. मी रविवारी भेटायला जायची. ऑक्सिजनची नळी नाकात आणि टेप गळ्यात. डॉक्टर, नर्स, जावई, सगळ्यांनी सांगून पाहिलं, टेप निघाली नाही. बोलणं कमी झालं होतं. गॅलरीतून खालच्या गाड्या बघायचे आणि कोण चुकीच्या मापाच्या गाडीवर बसलाय ते बोटाने दाखवायचे.

एका सकाळी कुंदाताईंचा फोन आला. ते शेड बघायची म्हणून हटून बसलेत, जावयाची कार तयार आहे, पण काचेच्या डब्यात जीव घाबरतो म्हणतात. आणि मग म्हणाल्या, "तुमच्या गाडीवर नेता का, म्हणून विचारून राहिले."

मी फोन हातात धरून उभी राहिले. मागे कोणी बसणार नाही, हे मी गजूभाऊंना सांगितलं होतं, पण खरं तर ते मी यांना सांगितलं होतं. ती जागा मी यांच्यासाठी बंद केली होती. ती उघडायची म्हणजे हे गेले, हे परत एकदा कबूल करायचं. मला ते नको होतं. पण गजूभाऊ माझ्या गाडीच्या बाजूने महिनाभर धावले होते.

पत्रा त्यांच्यासमोरच काढला, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. खाली बोल्टची भोकं होती, ग्रीस लावून, चिंधी कोंबून ठेवलेली. शेडमधून सीट आणून ठेवली होती, तीही त्यांनी माझी गाडी बनवतानाच शिवून घेतलेली. ते खुर्चीवरून सांगत होते, कुंदाताई पाना फिरवत होत्या. सीट बसली. डॉक्टरांनी तासाभराची सूट दिली होती. नळी काढली, मफलर गुंडाळला, आणि गजूभाऊ माझ्या मागे बसले.

मागचे शॉकअप दबले. ते वजन मला नवं होतं. गाडी सुटली तसं हँडल वेगळं लागायला लागलं, ब्रेक लवकर दाबावा लागायला लागला, मागच्या माणसाला धक्का बसू नये म्हणून खड्डा लांबूनच दिसायला लागला. आणि उड्डाणपुलावर एकदम लक्षात आलं, इतकी वर्षं यांच्या पाठीमागचं हे वजन मी होते. हेही मला घेऊन असंच जपून चालवत असतील. मला कधी कळलं नाही. मी हेल्मेटच्या आत रडले, आणि गाडी हळू चालवत राहिले. गजूभाऊंचा हात माझ्या खांद्यावर होता. नंदनवनच्या वळणावर ते कानाशी येऊन म्हणाले, "बरोबर बसली, ताई." सीटबद्दल म्हणत होते की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही.

शेडमध्ये ते थोडा वेळ बसले. भिंतीवरची मापं बघितली. निघताना गळ्यातली टेप काढली आणि जवळ उभ्या असलेल्या कुंदाताईंच्या हातात दिली. त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

तेरवी झाली. मुलीचं म्हणणं, शेड देऊन टाकावी. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाताईंनी मला फोन करून एवढंच विचारलं की आज मौद्याला जाताना थोडं लवकर निघता येईल का, शटर उघडायचं आहे. मी गेले तर त्या मुलीच्या बिल्डिंगच्या फाटकाशी उभ्याच होत्या. एका हातात किल्ली, गळ्यात टेप. मागच्या सीटकडे बघत राहिल्या आणि पुढे येईनात. माझं माप त्यांनीच घेतलं होतं, माझं भांडणही त्यांनीच ऐकलं होतं.

"तुम्ही म्हणत होत्या ना ताई, मांगं कोणी..."

मी ओढणीने सीट पुसली. ऑफिसात राहून माझी बोली पार पुस्तकी झाली आहे, घरची भाषा तोंडात येत नाही. त्या दिवशी आली. गजूभाऊंनी जसं म्हटलं असतं तसंच मी म्हणाले.

"ये वं कुंदे. बस."